फोटो काढलेला शर्ट

(पडद्यावर : सागवानी पाळणा. पितळी कड्या. वर टांगलेल्या लाकडी चिमण्या, रंग उडालेल्या.)

हा पाळणा सांगलीच्या गावभागातला. एका घरातल्या चार भावंडांची मुलं यात झोपली, नंतर त्या मुलांची मुलं झोपली. तो मिरजेला गेला, तासगावला गेला, एकदा तर एसटीच्या टपावरून विट्याला गेला. बारसं झालं, बाळ उठून बसायला लागलं, की पाळणा सुटायचा आणि पुढच्या घरी निघायचा. कितीला घेतला होता, हे आता कुणालाच आठवत नाही. पाळणा विकायचा नसतो, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

(पडद्यावर : त्याच पाळण्याचा फोटो, मोबाइलवर. खाली किंमत.)

आज तो विकायला आहे. सोबत दोन ओळी : ‘उत्तम स्थितीत. स्वतः येऊन न्यावा.’

मालकीणबाईंना यात दोष देऊ नका. एक मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरुला, दोघांचे फ्लॅट लहान. पाळणा द्यायचा म्हटलं तरी द्यायचा कुणाला? ज्या घरांतून तो फिरायचा ती घरंच लांब गेली. माळ्यावर वाळवी लागण्यापेक्षा कुणीतरी पैसे देऊन नेलेला बरा, हे त्यांचं म्हणणं आपल्यापैकी कुणालाही पटेल.

तरीही आम्ही या पाळण्यापासून सुरुवात केली. घरातली चांगली, वापरलेली, अजून वापरता येईल अशी वस्तू बाहेर पडते तेव्हा पूर्वी ती कुठे जायची आणि आता कुठे जाते, हे आम्हाला बघायचं होतं.

(पडद्यावर : खणभागातली गल्ली, दुपार. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची पातेली, प्लास्टिकचे टब. पाठीला कपड्यांचं बोचकं.)

‘भांडीऽऽय, जुन्या कपड्यावर भांडीऽऽय!’

पुस्तकातला शब्द बोहारीण. गल्लीत तिला भांडीवाली म्हणतात, आणि हाक मारताना मावशी. उंबऱ्यावर बसून चालणारा हा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको. घरातली बाई कपड्यांचा ढीग आणते. मावशी एकेक कपडा उचलते, उजेडाकडे धरते, काखेतली शिवण बघते, कॉलर उलटी करते. पँटला मान जास्त. जरीकाठाच्या साडीला त्याहून जास्त. विरलेल्या सुती साडीला जवळजवळ काहीच नाही. मग टबाची मागणी, मावशीचं ‘एवढ्यात न्हाई परवडत वहिनी’, आणखी एक शर्ट, मग आणखी एक. शेवटी टब आत जातो आणि बोचकं पाठीवर चढतं.

त्या बोचक्याचं पुढे काय होतं, ते आपण उंबऱ्यावरून बघत नाही. घरी गेल्यावर कपडे वेगळे होतात. धुणं, तुटलेलं बटण लावणं, उसवलेलं शिवणं, इस्त्री. चांगला माल जुन्या बाजारात जातो. तिथे मजूर, हमाल, विटभट्टीवरची माणसं, कॉलेजातली गरीब पोरं तो विकत घेतात. जे विकण्याच्या लायकीचं नसतं त्याच्या चिंध्या होतात आणि किलोवर विकल्या जातात. गॅरेजात आणि कारखान्यात मेकॅनिक हाताचं तेल पुसतो, ती चिंधी कुणाच्या तरी घरातली चादर असते. लोकरीचं आणि जाड कापड हरियाणातल्या पानिपतपर्यंत पोहोचतं. तिथे जुन्या कपड्यांचं सूत पुन्हा काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं विणतात.

या सगळ्या साखळीत पैसा कुठे मिळतो, हे लक्षात घ्या. चिंधीत तो नाही. तो त्या दोन-चार चांगल्या कपड्यांत आहे. एक धड पँट, एक जरीची साडी बोचक्यात असली की उरलेलं ओझं वाहणं परवडतं. तीच नसली तर दिवस फुकट जातो.

आता ही गल्ली पुन्हा बघा.

(पडद्यावर : कपड्यांचा ढीग. एक हात ढिगातून निळा, जाड, पूर्ण बाह्यांचा शर्ट उचलतो. दुसरा हात तो परत घेतो.)

‘हा राहू दे मावशी. याचा फोटो काढलाय.’

मावशी काही बोलत नाही. शर्टाची घडी घालून परत देते. ढिगात उरतात सैल पडलेल्या लेगिंग्ज, गोळे आलेले टीशर्ट, नायलॉनचे दुपट्टे. यातलं बरंचसं तेल शोषत नाही, म्हणून चिंधी म्हणूनही चालत नाही.

(पडद्यावर : इंग्लंडमधलं एक दुकान. काचेमागे कोट, पुस्तकं, चहाचे कप.)

हेच दुखणं थोडं वेगळ्या रूपात हजारो मैलांवर आहे. ब्रिटनमध्ये चॅरिटी शॉप नावाची दुकानं असतात, आज तिथे अशी दहा हजारांहून जास्त आहेत. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, ग्रीसमधल्या उपासमारीसाठी मदत मिळावी म्हणून ऑक्सफर्ड शहरात सुरू झाली. १९४७ साली तिने तिथल्याच ब्रॉड स्ट्रीटवर दुकान उघडलं. रीत साधी. लोकांनी जुन्या वस्तू फुकट आणून द्यायच्या, स्वयंसेवकांनी त्या मागच्या खोलीत निवडायच्या, पुढे दुकानात विकायच्या आणि नफा संस्थेच्या कामाला लावायचा. देणारा तिथला करदाता असेल तर विकलेल्या मालाच्या दर पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स संस्थेला मिळू शकतात. आणि जे विकलं जात नाही ते तिथेही किलोवर चिंधीवाल्याकडे जातं.

म्हणजे दुकान चालतं ते त्या पिशवीतल्या एका चांगल्या कोटावर. खणभागातल्या मावशीचं आणि ऑक्सफर्डमधल्या त्या दुकानाचं गणित एकच आहे. मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते यानंच.

मग फोन आला. वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं ईबे हे संकेतस्थळ १९९५ साली सुरू झालं होतं, पण तेव्हा संगणक लागायचा, घरबसल्या सगळ्यांना ते जमत नव्हतं. वापरलेले कपडे विकायचं लिथुआनियातलं विंटेड २००८ सालचं. तिथे कपड्याचा फोटो टाकायला विकणाऱ्याला शुल्क पडत नाही, खरेदी करणारा थोडं जास्तीचं शुल्क देतो. कपाटातला कोट काढला, दारावर टांगला, फोटो घेतला, झालं. जो कोट दुकानाच्या पिशवीत जायचा, तो आता टपालाच्या पाकिटात जातो. दुकानात येणाऱ्या पिशव्या अजून भरलेल्याच असतात. त्यांतला कस उतरला आहे.

दुसरा घाव उलट्या बाजूनं बसतो. काही जण दुकानातून स्वस्तात चांगली वस्तू उचलतात आणि फोनवर चढ्या भावानं विकतात. ते थांबवायला दुकानानं किंमत वाढवली, की जी बाई खरोखर गरजेपोटी तिथे कोट घ्यायला येते तिच्याच खिशाला चाट. दुकानंही गप्प बसली नाहीत. ऑक्सफॅमनं २००७ सालीच स्वतःचं ऑनलाइन दुकान उघडलं आणि चांगली वस्तू तिथे मांडायला सुरुवात केली. पण एकेका वस्तूचा फोटो घ्या, माप लिहा, पाकीट बांधा, याला माणसं लागतात. आणि दुकानांना भाडं, वीज, पगार हेही आहेच. सगळा दोष फोनच्या माथी मारला तर ते खोटं ठरेल.

(पडद्यावर : सांगली, शंभर फुटी रस्ता. रात्रीची रहदारी.)

सांगलीत चॅरिटी शॉप ही पद्धत कधी रुजली नाही. आपलं देणं नात्यातून आणि ओळखीतून चालायचं. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, धाकट्याचा मावसभावाला. दहावीची पुस्तकं शेजारच्या पोरीला. आजीचं लुगडं विरलं की त्याची दुपटी, उरल्यासुरल्या चिरगुटांची वाकळ. पुढे गावोगाव माणुसकीच्या भिंती उभ्या राहिल्या. ही कल्पना इराणच्या मशहद शहरातून २०१५ च्या हिवाळ्यात जगभर पसरली. नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या. भिंतीला खुंट्या ठोकल्या की काम झालं, इतकी ती सोपी.

तेवढ्यात इथेही फोन हातात आला होता. ओएलएक्सची ‘बेच दे’ची जाहिरात टीव्हीवर इतकी वाजली की ते शब्द मराठी घरांतही रुळले. फेसबुकनं २०१६ साली मार्केटप्लेस आणलं. आता तर सोसायटीचा, शाळेचा, भिशीचा व्हॉट्सअॅप ग्रुपच बाजार झाला आहे. मिक्सर, सायकल, लग्नात एकदाच नेसलेला शालू, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा गठ्ठा, सगळं तिथे.

यात चांगलं आहे, आणि ते मला मनापासून सांगायचं आहे. परीक्षेच्या पुस्तकांचा नवा संच ज्याला झेपत नाही, त्या जतच्या किंवा आटपाडीच्या पोराला तो निम्म्या पैशात मिळतो. तो ते विकत घेतो, मागत नाही. भिंतीवरचा स्वेटर उचलताना चार लोक बघत असतात. फोनवर ‘आहे का?’ विचारताना कुणी बघत नसतं. किंमत मोजून घेतलेल्या जुन्या वस्तूला जी ताठ मान असते, ती फुकट मिळालेल्या वस्तूला नेहमी नसते. विकणाराही बऱ्याचदा गरजूच असतो. सायकल विकून आलेल्या दोन हजारांत कुणाची तरी फी भरली जाते.

प्रश्न उरतो तो ज्यांच्याकडे तो फोन नाही, किंवा आहे पण त्यात रिचार्ज नाही, पत्ता सांगायला घर नाही, त्यांचा.

(पडद्यावर : आयर्विन पूल. खाली कृष्णा. पुलाच्या खांबावरची मोजपट्टी.)

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर सांगलीकडे ट्रकच्या ट्रक आले. ज्यांनी पाठवले त्यांचे उपकार हे शहर विसरणार नाही. पण त्या ट्रकांमध्ये जुन्या कपड्यांचे असे ढीग होते की मदत करणाऱ्यांनाच हात जोडून सांगावं लागलं, आता जुने कपडे पाठवू नका. फाटलेले, न धुतलेले, बटणं नसलेले. अंगावरच्या ओल्या कपड्यानिशी निवारा केंद्रात बसलेल्या बाईला हवं होतं परकर-ब्लाऊज, अंतर्वस्त्रं, कोरडी चादर. ढिगात ते शोधायचं कसं?

देणं आणि घर रिकामं करणं, दोन्ही वरवर सारखीच दिसतात. पिशवी तीच, रस्ता तोच. फरक घेणाऱ्याला कळतो, पिशवी उघडल्याबरोबर कळतो. आता चांगलं ते विकायचं आणि न विकलं जाणारं द्यायचं, अशी सवय पडली तर पुढच्या पुरात त्या पिशवीत काय असेल, याची मला काळजी वाटते.

हाच फरक ओळखून अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत गूंज ही संस्था सुरू केली. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची पद्धत अशी की गावानं आधी काम करायचं, विहीर खणायची, बांध घालायचा, आणि मग कपडे घ्यायचे. मेहनतीचा मोबदला म्हणून. विरलेलं सुती कापड, जे आपल्या मावशी टबाच्या हिशेबात धरत नाहीत, त्याचे गूंज पाळीच्या दिवसांसाठी स्वच्छ कापडी पॅड बनवते. कपड्याची निवड इथे फार बारकाईनं होते. कुणाला काय लागतं, हे आधी विचारलं जातं.

आपणही ते विचारू शकतो. सांगली जिल्ह्यात तर उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

(पडद्यावर : पहाट. धुकं. उसाचा फड. कडेला पाचटाच्या कोप्या, चुलींचा धूर.)

दिवाळीच्या मागेपुढे गाळप हंगाम सुरू होतो. बीडकडून, मराठवाड्यातून, आपल्याच जतमधून ऊसतोड मजूर येतात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मार्चपर्यंत बिऱ्हाड फडाच्या कडेला, कोपीत. थंडी डिसेंबरात नदीकाठी जास्त बोचते, आणि काम सुरू होतं ते पहाटेच्या अंधारात.

उसाच्या पात्याला धार असते. हात, मान, दंड ओरखड्यांनी भरून जातात. म्हणून फडातली बाई साडीवर पुरुषाचा शर्ट घालते. पूर्ण बाह्यांचा, जाड कापडाचा, मनगटाला बटण असलेला. अर्ध्या बाह्यांचा चालत नाही. नायलॉनचा चालत नाही, घामानं चिकटतो. लेगिंग्जचा तर प्रश्नच नाही. तिला अगदी तोच शर्ट हवा असतो जो फोनवर दोनशे रुपयांना लगेच जातो.

पूर्वी तिला तो बाजारात मिळायचा, पन्नास-साठ रुपयांत. मावशीच्या बोचक्यातून निघून, धुऊन, बटण लावून तिथे आलेला असायचा. आता ढिगात तसा शर्ट सापडेपर्यंत बराच वेळ उपसावं लागतं.

(पडद्यावर : फड. एक बाई मोळी बांधते आहे. साडीवर निळा शर्ट, कोपरांवर विटलेला. कॅमेरा जवळ जातो.)

हा शर्ट कुणाचा होता, तिला माहीत नाही. मागच्या हंगामात घेतला. एक बाही उसवली होती, ती तिनं पांढऱ्या दोऱ्यानं शिवली आहे. कॉलरच्या आत अजून शिंप्याचं लेबल आहे. दुकानाचं नाव धुऊन धुऊन गेलं आहे. खाली बारीक अक्षरांत ‘मारुती रोड, सांगली’ एवढं वाचता येतं.

ती वाकते, मोळी डोक्यावर घेते आणि ट्रॉलीकडे चालू लागते.