जुन्या बोटीला इलेक्ट्रिक मोटर: पंख्याचा रेटा कोण झेलणार?

नमस्कार मंडळी! "10 एचपीचं डिझेल काढतोय, किती किलोवॅटची मोटर घेऊ?" दर दुसरी कमेंट हीच, म्हणून हे आधी चटकन उरकू. दोनेक टनांची, पाण्यात 22 फूट लांब बोट 4 नॉटला (नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) साधारण दीड किलोवॅट खाते, 5 नॉटला तीन. वेग सव्वापट, खर्च दुप्पट! खाडीत फिरायला 5 किलोवॅट पुष्कळ. 51.2 व्होल्ट, 200 एएचची (अँपिअर-तास) लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे 10 युनिट, त्यातले 8 वापरायचे. 4 नॉटला पाच तास, 5 नॉटला अडीच. दिवसभर खोल समुद्रात जायचं असेल, तर डिझेलच ठेवा, रागावू नका.

आता खरा मुद्दा. पंखा (प्रोपेलर) पाणी मागे लोटतो, त्याचा दांडा म्हणजे शाफ्ट पुढे रेटला जातो. हा रेटा आजवर कोण झेलत होतं? इंजिनाचा गिअरबॉक्स. तो तुम्ही भंगारात दिलात. मग आता कोण झेलणार? मोटर? तिच्यातलं साधं बॉल बेअरिंग पुलीचा ताण सोसायला असतं. 5 किलोवॅटवर रेटा 70 ते 100 किलोपर्यंत जातो. एक धडधाकट माणूस सतत शाफ्टच्या टोकाला ढकलतोय असं समजा.

यावर कुणीतरी लिहिणारच, "आम्ही यूसीपी ब्लॉक लावलाय." (म्हणजे बाजारात मिळणारं, पाय असलेलं तयार बेअरिंग.) अहो, त्यात शाफ्ट दोन ग्रब स्क्रूंवर, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूंवर धरलेला असतो! ते घसरतात, शाफ्टवर चर पडते. लेथवर शाफ्टला खांदा (पायरी) काढून घ्या, एकमेकांकडे तोंड केलेली दोन टेपर रोलर बेअरिंगं (शाफ्टच्या दिशेचा रेटाही झेलणारी) बसवा आणि त्यांचं घर जुन्या इंजिन बेडला बोल्टने पक्कं करा. दोन कशाला? रिव्हर्सला शाफ्ट उलटा ओढला जातो. मोटर आणि शाफ्ट जोडणारं नुसतं रबरी कपलिंग असेल, तर ते सुटून शाफ्ट मागे सरकेल.

तपासायचं कसं? बोट धक्क्याला दोरांनी घट्ट बांधा. डायल गेज (बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मापक) कपलिंगच्या मागे शाफ्टवर, शाफ्टच्या दिशेत लावा. थोडं पुढे चालवून थांबा, मग थोडं रिव्हर्स, पुन्हा थांबा. शाफ्ट थांबल्यावरच काटा वाचा. दोन्ही आकड्यांत फरक दिसला, तर रेटा अजून मोटरवरच येतोय.

वायरिंगचं थोडक्यात. 48 व्होल्टवर शंभरच्या वर अँपिअर वाहतात, म्हणून टिन केलेली 35 स्क्वेअर एमएमची केबल, आणि क्लास टी फ्यूज (प्रचंड शॉर्ट करंटही तोडू शकणारा) बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. लिथियमच्या शॉर्टला साधा फ्यूज पुरत नाही. बॅटरीचा निगेटिव्ह शाफ्टला किंवा मोटरच्या बॉडीला जोडू नका, नाहीतर खाऱ्या पाण्यात पंखा कुरतडला जाईल. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) 12 व्होल्ट बॅटरी वेगळीच ठेवा.

अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, मात्र किनाऱ्यावर करून मोकळं होऊ नका. पाण्यात उतरल्यावर लाकडी तळ वाकतो. दोन दिवस तरंगू द्या, मग कपलिंगच्या तोंडांमध्ये चारी बाजूंनी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. 4 इंची कपलिंगला 0.1 मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर मोटरखाली पुन्हा शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घाला.