माफी मागितल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो. वर्णावरून कुणाला डिवचलं, अशी तक्रार ऑफिसात आली की साहेबाची पंचाईत होते. त्यावरून फिलाडेल्फियाची हकीगत सांगतो.

१२ एप्रिल २०१८. दोन कृष्णवर्णीय तरुण स्टारबक्समध्ये कामाच्या बोलणीसाठी तिसऱ्याची वाट पाहत बसलेले. काही मागवलं नव्हतं. एकानं स्वच्छतागृहाला जाऊ का विचारलं, तर नकार. मॅनेजरबाईंनी थेट पोलिसांना फोन लावला आणि दोघांना बेड्या घालून नेलं. (आपल्या इराण्याकडेही पाट्या असायच्या, इथे केस विंचरू नका, मोठ्यानं बोलू नका. पण पाटी सगळ्यांना एकच. असो.) मोबाइलवरचं चित्रण जगभर फिरलं. मुख्याधिकारी केव्हिन जॉन्सन स्वतः गेले, दोघांना भेटून माफी मागितली. २९ मे रोजी दुपारनंतर अमेरिकेतली आठ हजारांवर दुकानं बंद ठेवून पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं.

इथवर सगळे वाहवा करतात. आता पुढचं ऐका. त्याच मे महिन्यात कंपनीनं तिथल्या गोऱ्या विभागीय व्यवस्थापकबाईंना काढलं. कंपनी म्हणाली, संकटात त्या कमी पडल्या. बाई कोर्टात गेल्या. म्हणाल्या, मी गोरी म्हणून मला काढलं. पगारात भेदभाव केल्याच्या आरोपावरून एका गोऱ्या सहकाऱ्याला निलंबित करा असं मला सांगितलं. पगार ठरवणं त्याच्या हातातच नव्हतं, म्हणून मी हरकत घेतली. जून २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या ज्यूरीनं बाईंच्या बाजूनं कौल दिला. भरपाई २ कोटी ५६ लाख डॉलर, त्यातले अडीच कोटी निव्वळ दंडाचे.

तेव्हा माफी लगेच मागा, शिक्षा मात्र चौकशीनंतर. पुन्हा सांगतो, शिक्षा चौकशीनंतर. तक्रार आली त्याच दिवशी बोललेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. 'काहीतरी लागट बोलला' असं नको. नेमका शब्द, वेळ, कोण हजर होतं. साक्षीदारांना वेगवेगळं बसवा, एकत्र बसवलं की सगळे एकच सांगतात. चौकशी करणारा आणि निर्णय देणारा वेगळा हवा. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी' हे वाक्य मात्र नको, त्यानं भांडण वाढतं.

आपल्याकडे दहा माणसांच्या ऑफिसातही लैंगिक छळासाठी समिती सक्तीची आहे. ईशान्येकडच्या मुलाला कुणी 'चिंकी' म्हटलं तर खासगी कंपनीत तशी सक्तीची समिती नाही. मग तक्रार एचआरच्या मेलमध्ये पडून राहते. निकाल दिल्यावर तीन महिन्यांनी त्या मुलाची रजा, शिफ्ट आणि रेटिंग काढून बघा. सूड तिथेच उगवलेला सापडतो.