नावं पडद्यावर येत असतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

सिनेमा सुरू होताना पडद्यावर जी नावं येतात, त्यांना आपण सरळ ‘पाट्या’ म्हणतो. थिएटरात पाट्या चालू असतात तेव्हा कुणी अंधारात खुर्ची शोधत असतं, कुणी मुलांना बसवत असतं. घरी पाहायचं तर आता एक बटण दाबलं की पाट्या गायब. आज मला या दोन-तीन मिनिटांची बाजू मांडायची आहे, आणि त्यातही चित्रांमधून हलत-बोलत येणाऱ्या, म्हणजे ॲनिमेशनच्या पाट्यांची. गोष्ट कशी पाहायची, हे या चित्रांनी आपल्याला आधीच शिकवलेलं असतं. ती चुकवली, तर पुढचा सिनेमा दिसतो खरा, पण त्याची चाल ओळखायला उशीर होतो.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी याच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला. त्या नाटकाचं मूळ कालिदासाचं, आणि कालिदासानं सुरुवातीला काय केलंय ते पाहा. नांदी झाली, सूत्रधार आला, नटी आली. नटीनं उन्हाळ्यावर गाणं म्हटलं. सूत्रधार त्यात इतका रंगला, की आज कुठलं नाटक करायचं हेच विसरला. नटीनं आठवण करून दिली. तेव्हा तो म्हणतो, तुझ्या गाण्यानं मला ओढून नेलं, जसं त्या हरणानं दुष्यंत राजाला नेलं. आणि लगेच दुष्यंत रथातून येतो. पुढचं सगळं नाटक विसरण्याचं आणि आठवण्याचं आहे. राजा शकुंतलेला विसरतो, अंगठीनं त्याला ती आठवते. कालिदासानं यातलं काही आधी सांगून टाकलं नाही. त्यानं फक्त सूत्रधाराला एक गोष्ट विसरायला लावली. चांगल्या पाट्या नेमकं हेच काम करतात.

सिनेमात हे काम ज्यानं प्रतिष्ठेला नेलं, तो अमेरिकन चित्रकार म्हणजे सॉल बास. त्याच्या आधी बहुतेक पाट्या म्हणजे नावांची यादी असायची, आणि कित्येक थिएटरांत पडदा पूर्ण उघडायच्या आधीच ती उरकली जायची. १९५५ साली ऑटो प्रेमिंजर यांचा ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ आला. नायक पत्ते वाटणारा, हेरॉइनच्या विळख्यात सापडलेला. त्या काळी हा विषय पडद्यावर आणणं हेच मोठं धाडस होतं. बासनं काळ्या पडद्यावर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या आणल्या. एक येते, दुसरी येते, त्या सरकतात, एकमेकींना छेदतात, मधूनमधून नावं येतात, मागे एल्मर बर्नस्टाइन यांचं जॅझ. आणि शेवटी त्या पट्ट्यांचा एक हात होतो. वेडावाकडा, कागद कापून केल्यासारखा, आखडलेला हात. सुई नाही, रक्त नाही, माणसाचा चेहराही नाही. पण त्या हाताकडे पाहिलं की पुढे काय वाट्याला येणार आहे ते पोटात कळतं. फिल्मच्या डब्यांवर तेव्हा प्रोजेक्शनवाल्यांसाठी सूचना लावली होती: पाट्या सुरू होण्याआधी पडदा उघडा. मला ही छोटीशी सूचना फार मोलाची वाटते. या क्षणापासून सिनेमा चालू झाला आहे, असं त्या दिग्दर्शकानं थिएटरांना बजावलं होतं.

तीन वर्षांनी, १९५८ साली, हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’साठी बासनं एका स्त्रीचा चेहरा घेतला, आधी ओठ, मग डोळे. त्या डोळ्यातून गरगरत भोवरे बाहेर येतात. ते भोवरे जॉन व्हिटनी यांच्या यंत्राचे. दुसऱ्या महायुद्धात विमानांवर तोफांचा नेम धरण्यासाठी जी यांत्रिक गणकयंत्रं होती, त्यांतल्या एकाचा व्हिटनी यांनी चित्रं काढण्यासाठी उपयोग केला होता. कथेचा नायक उंचीला घाबरतो, त्याला चक्कर येते, आणि एका स्त्रीच्या मागे तो पुरता वाहवत जातो. भीती आणि ओढ, दोन्ही त्या एका फिरत्या रेषेत आहेत. मी हा सिनेमा जेव्हा जेव्हा पाहते, तेव्हा पाट्या संपेपर्यंत माझा तोल जरासा गेलेलाच असतो, आणि त्याच अवस्थेत आपण पहिल्या दृश्यात पोचावं अशी त्यांची इच्छा होती.

आता एकदम वेगळा रंग. रेडिओवर मी तुम्हाला चित्र दाखवू शकत नाही, पण ‘द पिंक पँथर’ म्हटल्याबरोबर तो दबक्या पावलांचा सॅक्सोफोन तुमच्यातल्या अनेकांच्या कानात सुरू झाला असेल. सिनेमा १९६३चा. पिंक पँथर हे खरं तर त्यातल्या एका हिऱ्याचं नाव. हिऱ्याच्या आत एक बारीक दोष आहे, आणि तो झेप घेणाऱ्या पँथरसारखा दिसतो. कॅमेरा हिऱ्यात शिरतो, आणि आतून हा लांबलचक, गुलाबी, रुबाबदार प्राणी बाहेर येतो, नावांच्या अक्षरांशी खोड्या काढू लागतो. मूळ कथेत असा कुठलाही प्राणी नाही! पण पुढे येणारी चोरी ही रक्त गोठवणारी नसून गमतीची आहे, हे तो दोन मिनिटांत पटवून देतो.

यामागचं कामही सांगते, कारण त्याचा हिशेब मला मोहवतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे फ्रेम्सनी, पळतो. लय मिनिटाला १२० ठोक्यांची धरली, तर दर ठोक्याला १२ चौकटी मिळतात. म्हणजे पाऊल कुठल्या चौकटीवर टेकवायचं, हे चित्रकाराला कागदावरच मोजता येतं. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी दीड मिनिटाला हजारावर चित्रं लागतात. संगीतकार हेन्री मॅन्सिनी यांनी फ्रिझ फ्रेलेंग यांच्या ॲनिमेशन स्टुडिओतल्या मंडळींना आधी लय ठरवून दिली, त्यांनी त्या लयीवर चित्रं केली, आणि मग मॅन्सिनींनी त्या हालचालींवर संगीत बसवलं. चित्र आणि सूर एकमेकांना इतके चिकटलेले वाटतात, त्याचं कारण हे. तो पँथर लोकांना एवढा आवडला, की त्याचे स्वतंत्र लघुपट निघाले, आणि त्यातल्या पहिल्यालाच ऑस्कर मिळालं.

पुढच्या पिढीनं हा धागा सोडला नाही. ‘कॅच मी इफ यू कॅन’ या २००२च्या सिनेमाच्या पाट्या ऑलिव्हिए कुंत्झेल आणि फ्लोरांस देगास या जोडीनं केल्या. त्यातली माणसं चक्क शिक्के कोरून, ते उमटवून केलेली आहेत. अक्षरांच्या उभ्या रेघा लांबत जातात, त्यांच्या आडून एक माणूस वेष बदलत पळतो आणि दुसरा त्याच्या मागावर असतो. खोटी कागदपत्रं करणाऱ्या तोतयाची ही गोष्ट, तेव्हा शिक्के ही निवड किती नेमकी! ‘मॉन्स्टर्स, इंक.’च्या पाट्यांत नुसती दारं आहेत, सपाट, रंगीत, उघडणारी-मिटणारी, आणि सिनेमाचा सगळा डोलारा मुलांच्या कपाटांच्या दारांवरच उभा आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण मला फार जवळचं आहे. सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाड़ी’, १९७७चा. त्यातलं ॲनिमेशनचं एक दृश्य पाट्यांनंतर येतं, तरी काम प्रस्तावनेचंच करतं. अवधचं राज्य म्हणजे एक दिवस आपल्या तोंडात पडणारी चेरी, असं लॉर्ड डलहौसीनं पत्रात लिहिलं होतं. राय यांनी ती उपमा घेऊन ॲनिमेशन केलं, त्यामागे राम मोहन यांचा हात होता, आणि निवेदन अमिताभ बच्चन यांचं. एकेक संस्थान म्हणजे एकेक चेरी. मराठी प्रेक्षकाला ते जास्त झोंबतं, कारण डलहौसीच्या काळात सातारा १८४८ साली आणि नागपूर १८५४ साली असंच गिळलं गेलं होतं. एवढा इतिहास नटांकडून वदवून घेतला असता तर कंटाळा आला असता. व्यंगचित्राच्या चालीनं तो हसत हसत येतो आणि बोचतो.

आणि दूरदर्शनवरची ‘मालगुडी डेज’ तर तुम्हाला आठवतच असेल. सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं एकामागून एक येतात, आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून. ही चित्रं स्वतः हलत नाहीत. तरीही त्या थोडक्या रेघांतून एक अख्खं गाव ओळखीचं होतं. लक्ष्मण आयुष्याच्या अखेरच्या काळात पुण्यातच होते. थोरल्या भावानं, आर. के. नारायण यांनी, लिहिलेलं गाव धाकट्यानं आपल्या हातानं काढून दाखवावं, ही गोष्ट मला अजून हलवते.

सगळ्याच पाट्या चांगल्या नसतात, हेही बोललं पाहिजे. हल्ली मालिकांमध्ये एक साचा झाला आहे. काळोखात धूळ उडते, धातूचे तुकडे हळूहळू फिरतात, कुठेतरी शाई पाण्यात पसरते. दिसायला देखणं, पण तेच चित्र उचलून दुसऱ्या गोष्टीला लावलं तरी चालेल. ज्या पाट्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला चालतात, त्या आपल्या गोष्टीसाठी केलेल्याच नसतात. याच्या उलट काही पाट्या इतकं सांगतात, की खून कुणी केला याचाही अंदाज येतो. तोही अन्यायच.

यावर माझी एक मागणी आहे, आपल्या मराठी निर्माते-दिग्दर्शकांकडे. पाट्यांचं काम बहुतेक वेळा संकलन संपत आलं, पैसे संपत आले, प्रदर्शनाची तारीख डोक्यावर आली, की मग कुणाला तरी दिलं जातं. त्या चित्रकारानं पटकथा वाचलेलीसुद्धा नसते. मग तो तरी काय करणार? त्याला पटकथेच्या वाचनालाच बोलवा, संगीतकाराच्या शेजारी बसवा. याच महाराष्ट्रात दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी आगकाड्या एकेक चौकट सरकवून हलवल्या होत्या. आज पुण्यातच रेषेवर हुकूमत असलेली, ॲनिमेशन शिकलेली कितीतरी तरुण मुलं-मुली काम शोधत आहेत. त्यांना दोन मिनिटं द्या, पण ती पहिल्या दिवसापासून द्या, आणि त्यांचं नावही त्याच पाट्यांत, वाचता येईल इतका वेळ ठेवा.

नमस्कार.