चूक कुणाची: बोलीची, कळफलकाची की हयगयीची?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजचा वाद तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. बऱ्याच जणांनी त्यात उडीही घेतली असेल. कुणीतरी जीव ओतून चार परिच्छेद लिहितो. घरमालकाने अनामत रक्कम कशी बुडवली, करारात कोणतं कलम पाहायचं राहून गेलं, इतरांनी काय काळजी घ्यावी, असं सगळं कामाचं. त्याखाली पहिला प्रतिसाद येतो: 'आणी' नव्हे, 'आणि'. झालं! एक जण म्हणतो, भावना समजून घ्या. दुसरा म्हणतो, अशानेच मराठी मरते. तिसरा पहिल्याच्या प्रतिसादातली चूक शोधून काढतो, आणि ती बहुधा सापडतेच. जॉन बँग्सुंड नावाच्या एका ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ साली याचा गमतीने नियमच करून टाकला होता: दुसऱ्याचं लेखन तपासणारा मजकूर लिहाल, तर त्यात तुमची एक तरी चूक असणारच. अनामत रकमेचं पुढे काय झालं, हे मात्र कुणीच विचारत नाही.

यात दोन्ही पक्षांचं एक चुकतं, असं मला वाटतं. दोघंही सगळ्या चुका एकाच ढिगात टाकतात आणि मग त्या ढिगावरून भांडतात. तो ढीग आज जरा उपसून पाहू.

सुरुवात नियमांपासून करू, कारण शुद्धलेखनाचे नियम अनादी काळापासून चालत आले आहेत, अशी आपली एक समजूत असते. आपण आज जे नियम पाळतो किंवा मोडतो, ते मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ साली चौदा आले, १९७२ साली त्यात चारांची भर पडली, असे अठरा. त्याआधी शाळेत शिकलेला माणूस 'पांच', 'घरें', 'करणें' असं लिहायचा. उच्चारात कुठेही नसलेले ते अनुस्वार गाळले की गुरुजी गुण कापत. म्हणजे १९५० साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या माणसाच्या हाती आजचं 'शुद्ध' वर्तमानपत्र दिलं असतं, तर त्याला पहिल्याच स्तंभात चुकांचा सडा दिसला असता. आणखी मागे जा. शेकडो वर्षं मराठीचा दप्तरी व्यवहार मोडी लिपीत चालला. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळतच नसत. राज्यं चालली, तह झाले, वसुली झाली. एका वेलांटीने भाषा मरते म्हणणाऱ्यांनी मोडीचं एखादं पत्र एकदा लावून पाहावं.

याचा अर्थ नियम निरर्थक आहेत असा नाही. छापील मजकूर लाखो लोकांनी वाचायचा, तर शब्द सगळीकडे सारखा दिसलेला बरा. सरावलेला डोळा अक्षर अक्षर लावत बसत नाही, ओळखीचा शब्द तो एका नजरेत उचलतो. शब्द अनोळखी दिसला की तो अडखळतो. नियमांचा उपयोग तिथे आहे. पण ते माणसांनी समितीत बसून ठरवलेले आहेत, आणि काही बाबतींत ते अवघड आहेत, हेही मान्य करायला हवं.

उदाहरण देतो. 'गरीब' या शब्दात 'री' दीर्घ आहे. प्रत्यय लावला की 'गरिबाला', तिथे 'रि' ऱ्हस्व. 'वकील', 'वकिलाला'. इथवर ठीक. आता 'शरीर' घ्या. 'शरिराला' लिहिलंत तर चूक. तिथे 'शरीराला'च हवं. का? तर 'शरीर' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला तत्सम शब्द, म्हणून तो बदलायचा नाही. 'गरीब' अरबीतून आला, म्हणून तो बदलायचा. म्हणजे साधं वाक्य बिनचूक लिहायचं तर प्रत्येक शब्दाचं मूळ गाव ठाऊक हवं! 'विद्यार्थी' दीर्घ, पण 'विद्यार्थिगृह' ऱ्हस्व. 'कवी' दीर्घ, 'कविसंमेलन' ऱ्हस्व. आणि हे कानाला कळत नाही, कारण शब्दाच्या शेवटचा इकार आपण बोलताना लांबवतोच. 'आणि' हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे 'आणी' लिहिणाऱ्याने कानाशी प्रामाणिक राहूनच चूक केली आहे, हे लक्षात येईल. ही चूक अकलेची नाही. वाचनाची सवय कमी पडली, इतकंच ती सांगते. दुसऱ्यांना 'आणि'वरून धारेवर धरणारे पुष्कळ जण 'विद्यार्थीगृह' बिनधास्त लिहितात, ते निराळंच.

आता बोलीकडे वळू. 'मला पुस्तक भेटलं' या वाक्यावर जेवढे विनोद झाले, तेवढे क्वचितच दुसऱ्या वाक्यावर झाले असतील. माणसं भेटतात, वस्तू मिळतात, हे प्रमाण मराठीचं म्हणणं. ते मला ठाऊक आहे आणि मी तसंच बोलतो. पण कितीतरी भागांत वस्तूही भेटतात, आणि तिथल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. वऱ्हाडात माणूस 'करून राहिला' असतो. अनेक बोलींत 'ण' नाही, तिथे 'पाणी' हे 'पानी'च असतं. ही व्याकरणाची मोडतोड नव्हे. प्रत्येक बोलीला तिचं स्वतःचं व्याकरण असतं, आणि तिथलं पोर ते आईकडून बिनचूक शिकतं.

मग हे सगळं आत्ताच का दिसायला लागलं? लोक बिघडले म्हणून? माझ्या मते कारण वेगळं आहे. पूर्वी लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये माणसं उभी असत. संपादक असे, खिळे जुळवणारा असे, आणि ओल्या प्रुफावर वाकून समासात खुणा करणारा मुद्रितशोधक असे. नावाजलेल्या लेखकांची हस्तलिखितंही या हातांखालून जात, आणि मग आपल्यापर्यंत पोहोचत. आपण ती धुतलेली, इस्त्री केलेली पानं वाचली आणि समजलो की पूर्वीचे लोक मुळातच शुद्ध लिहीत. आज मधली ही माणसं नाहीत. माणसाच्या मनातलं अंगठ्यातून थेट चारचौघांसमोर येतं. शिवाय ज्यांच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलं नव्हतं, अशी लाखो माणसं पहिल्यांदाच सार्वजनिक मराठी लिहू लागली आहेत. मराठी लिहिणाऱ्यांची संख्या वाढली की मराठीतल्या चुकांची संख्याही वाढणार. मला हा सौदा मंजूर आहे.

मात्र बोलीची ढाल करणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. 'बहिणाबाईंना कुठे शुद्धलेखन येत होतं?' हे वाक्य प्रत्येक वादात कुणीतरी फेकतंच. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, हे खरं. त्यांची गाणी इतरांनी टिपून घेतली. पण त्यांची भाषा आपल्या जागी पक्की आहे, शब्द नेमका आहे. घाईघाईत ठोकून दिलेल्या मजकुराने त्यांच्या पदराआड लपू नये.

तिसरी गोष्ट कळफलकाची. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या अनेक साधनांत लहान 'एन' दाबला की 'न' येतो, 'ण' हवा तर मोठा 'एन' लागतो. धावत्या बसमध्ये उभ्याने लिहिणारा माणूस मोठ्या 'एन'च्या वाटेला जात नाही. मग 'कोण' चा 'कोन' होतो आणि वाचणारा त्याच्या जातीपर्यंत आणि शाळेपर्यंत अंदाज बांधून मोकळा होतो. वर फोन शब्द सुचवत असतो, आणि तो मराठीत 'की' हवा तिथे कधीकधी 'कि' पुढे करतो.

काही चुका तर डोळ्यांना दिसतही नाहीत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली. त्याआधी, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही, 'अ' वर चंद्र देऊन ते बनवतात. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे मजकूर. 'दुसऱ्या' मधला तो आडवा 'र'देखील दोन रीतींनी टंकता येतो. तुम्ही एका रीतीने शोधलंत आणि लिहिणाऱ्याने दुसऱ्या रीतीने टंकलं असेल, तर साध्या शोधात शब्द सापडत नाही. इथे दोघंही शुद्ध, तरी गाठ पडत नाही. याला शुद्धलेखनाचा कुठला नियम लावणार?

उरली हयगय. इथे मी अजिबात मवाळ नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरी नावाच्या कंपनीच्या वाहनचालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला. कोणत्या कामांना तो मिळत नाही, याची यादी राज्याच्या कायद्यात होती, आणि यादीच्या शेवटच्या दोन बाबींच्या मध्ये स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे 'माल पोहोचवणे' हे स्वतंत्र काम, की 'पोहोचवण्यासाठी माल बांधणे' असं एकच काम, हे ठरेना. २०१७ साली अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. ब्रिटनमध्ये २००९ साली 'टेलर अँड सन' ही कंपनी बुडाली, पण सरकारी नोंदणी कार्यालयाने ती नोंद 'टेलर अँड सन्स' या धडधाकट कंपनीच्या नावावर केली. एका 'एस'चा फरक. धनको धावले, कंपनी कोसळली, अडीचशेच्या आसपास माणसांचं काम गेलं. २०१५ साली न्यायालयाने त्या कार्यालयाला जबाबदार धरलं.

मराठीत असं काय आहे? आहे ना, अनुस्वार! 'कामगाराचा पगार थांबवला आहे' आणि 'कामगारांचा पगार थांबवला आहे'. एका टिंबाचा फरक, पण पहिल्या वाक्यात एकाच्या घरची चूल थंडावते आणि दुसऱ्यात सगळ्यांच्या. 'सदस्याचा निर्णय' आणि 'सदस्यांचा निर्णय' यांत तर अख्खी बैठक मावते. आदरही त्याच टिंबाने दाखवतात: 'वडिलांना'. आणि ऑनलाइन लिहिताना सर्वांत जास्त गळतं ते नेमकं हेच टिंब. 'मुलाना', 'लोकाना', 'सर्वाना' सर्रास दिसतं. 'आणी' दिसली की तुटून पडणारे यावर सहसा बोलत नाहीत. माझा क्रम उलटा आहे. 'आणी' वाचून माझं काही अडत नाही, एक की दोन हेच कळेना झालं की अडतं. वाचणाऱ्याचं जेवढं नुकसान, तेवढाच माझा राग.

(श्रोत्यांतून: 'म्हणजे बाकी काहीही चालेल?')

नाही, नाही. कुणाला चालेल, ते पाहू. लिहिण्याचे पैसे घेणाऱ्याला चालणार नाही. शासकीय सूचना, पाठ्यपुस्तक, औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर, बातमी, इथे मी काटेकोर आहे आणि तुम्हीही असावं. तिथे वाचणाऱ्याला 'म्हणजे काय?' असं उलट विचारता येत नाही. गंमत अशी की आपण नेमकं याच्या विरुद्ध वागतो. बातमीच्या मथळ्यात ढळढळीत चूक असते, ती आपण वाचून पुढे जातो. बातमीखाली एखाद्या साध्या वाचकाने पोटतिडकीने दोन ओळी लिहिल्या की त्याचं शुद्धलेखन काढतो. मथळ्याला उलट उत्तर देता येत नाही आणि साध्या वाचकाला लाजवता येतं, हेच त्यामागचं कारण असावं.

मिशिगन विद्यापीठातल्या दोन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरात सोबत राहायला कुणी हवं, अशा जाहिरातीला आलेली उत्तरं त्यांनी ८३ जणांना वाचायला दिली. काहींत टंकनाच्या चुका पेरल्या होत्या, काहींत व्याकरणाच्या. लिहिणारा माणूस सोबत राहायला कसा वाटतो, हे वाचणाऱ्यांनी ठरवायचं होतं. ज्यांचा स्वभाव कमी मिळतंजुळतं घेणारा निघाला, त्यांनी व्याकरणाच्या चुका करणाऱ्यांना जास्त कडक गुण दिले. ८३ जणांवरून मी अख्ख्या मानवजातीबद्दल बोलणार नाही. पण वादात हरत आलेला माणूस वेलांटीवर घसरतो, हे पाहायला अभ्यासाचीही गरज नाही. मुद्द्याला उत्तर असेल तर आधी ते द्या. चूक दाखवायचीच असेल तर खासगीत कळवा, नेमका शब्द सांगा, शक्य तर कारणही सांगा. 'मराठी शिका आधी' हे वाक्य वाचून आजवर कुणी मराठी शिकलेलं नाही. बरेच जण लिहायचे मात्र थांबले.

एका चिठ्ठीत विचारलं आहे की आता यंत्रच मजकूर तपासून देतं, तर हा वाद मिटला का? थोडा मिटला, थोडा चिघळला. पूर्वी फसवणुकीचा संदेश त्याच्या भाषेवरून ओळखू येई. 'आपला खाते बंद होनार आहे' वाचलं की माणूस सावध होई. आता तो संदेशही घोटीव मराठीत येतो. शुद्ध लिहिलंय म्हणजे लिहिणाऱ्याने मेहनत घेतली असेल, हा आडाखाही गेला. आणि सुटे शब्द तपासणाऱ्या यंत्राला 'दिन' आणि 'दीन' दोन्ही बरोबरच वाटतात. तिथे कोणता हवा, हे अजून वाक्य लिहिणाऱ्यालाच पाहावं लागतं.

दुसरी चिठ्ठी: 'माझी मदत कर' हे चूक की बरोबर? हिंदीच्या वळणाचं आहे. मी 'मला मदत कर' म्हणतो आणि म्हणत राहीन, माझ्या लेखनात दुसरं येऊ देणार नाही. तुमच्या मुलांच्या तोंडी मात्र ते बसलेलं दिसतंय, आणि आणखी दोन पिढ्यांनी एखादी समिती त्याला मान्यताही देईल. तेव्हाचे लोक आपलं 'मला मदत कर' वाचून हसतील की नाही, ते मला सांगता येणार नाही. पुढची चिठ्ठी द्या.