टेबल, खुर्ची आणि बिअरचा मग

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून भूमिती सांगायची म्हटल्यावर आमचे निर्माते गालातल्या गालात हसले. फळा नाही, आकृती नाही, दाखवणार काय? मी म्हटलं, बिंदू तसाही कुणाला दाखवता येत नाही. पेन्सिलीनं टिंब काढा आणि भिंगाखाली धरा. चांगला लांबरुंद, कडा फाटलेला डाग दिसेल. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. पुन्हा सांगतो, बिंदूला फक्त स्थान असतं. रेषेला लांबी असते, तीही दोन्ही बाजूंना न संपणारी, पण रुंदी नसते. पट्टी लावून आपण काढतो तो रेषाखंड, म्हणजे रेषेचा तुकडा. आणि प्रतल म्हणजे चहूकडे न संपणारा सपाट पृष्ठभाग, जाडी शून्य. (पेन्सिलीवरून आठवलं, ती ब्लेडनंच तासावी. शार्पनरचं टोक दिसतं छान, पण पहिल्याच रेघेला मोडतं. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.)

आता चौकस श्रोता विचारणार, "स्थान म्हणजे काय हो?" इथेच खरी गोम आहे. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडनं लिहिलं, ज्याला भाग नाही तो बिंदू, आणि रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा. ठीक. पण मग भाग म्हणजे काय? रुंदी म्हणजे काय? एका शब्दासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. कुठेतरी थांबावं लागतंच.

कुठे थांबायचं, याचा किस्सा मला फार आवडतो. साल १८९१. जर्मनीत हाले या गावी गणितज्ञांची परिषद भरली होती. डेव्हिड हिल्बर्ट तेव्हा २९ वर्षांचे, क्यॉनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकवत होते, अजून पगारी प्राध्यापक झालेले नव्हते. परिषदेत हेर्मान वीनर यांचं भूमितीच्या पायाविषयीचं व्याख्यान त्यांनी ऐकलं आणि ते डोक्यात घेऊनच परतीला निघाले. वाटेत बर्लिन. तिथल्या स्टेशनच्या प्रतीक्षालयात आणखी दोन भूमितीवाल्यांशी वाद रंगला. माझं तर स्पष्ट मत आहे, परिषदेतली खरी चर्चा सभागृहात होतच नाही, ती जिन्यात आणि फलाटावर होते. सभागृहात होतात ते हारतुरे. असो. तर त्या प्रतीक्षालयात हिल्बर्ट म्हणाले, बिंदू, रेषा, प्रतल यांच्या जागी केव्हाही टेबल, खुर्ची, बिअरचा मग असं म्हणता आलं पाहिजे! त्यांचे शिष्य ओटो ब्लूमेंटाल यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे.

गंमत वाटते ना? पण करून बघू. भूमितीचा पहिला नियम घ्या: दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. एक आणि एकच, हे कानात ठेवा. आता बिंदूला म्हणा टेबल, रेषेला म्हणा खुर्ची. दोन भिन्न टेबलांतून एक आणि एकच खुर्ची जाते! ऐकायला वेडगळ. आता मी विचारतो, दोन वेगळ्या खुर्च्या दोन टेबलांवर छेदतील का? नाही. छेदल्या तर त्या दोन टेबलांतून दोन खुर्च्या गेल्या असं होईल, आणि नियम तर म्हणतो एकच. म्हणजे दोन खुर्च्या छेदल्याच तर एकाच टेबलात छेदणार. झाली सिद्धता! टेबल कसं दिसतं, खुर्चीला पाय किती, याची गरज पडली का कुठे? फक्त नियम वापरला. शब्द परत बदला: दोन भिन्न रेषा छेदल्या तर एकाच बिंदूत छेदतात. १८९९ साली हिल्बर्टांनी भूमितीच्या पायावर पुस्तक काढलं, त्यात बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्याच केली नाही. त्यांनी एकमेकांशी कसं वागायचं, तेवढे नियम दिले. तरीही शाळेत पोरांकडून बिंदूची व्याख्या घोकून घेतात आणि तिला मार्क ठेवतात, हे मला अजिबात पटत नाही.

वेळ संपत आला, प्रतल राहिलंच. त्याचाही एक नियम: एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. तीन बिंदू, आणि एका रेषेत नसलेले. का? आत्ता बसल्या जागेवरून दाराकडे बघा. वरची बिजागरी एक बिंदू, खालची दुसरा. दोघींमधून रेषा गेली एकच, पण दार त्या रेषेभोवती हवं तसं फिरतं. म्हणजे त्या रेषेतून प्रतलं असंख्य. कडी लावलीत की तिसरा बिंदू मिळाला, दार पक्कं. तोच तिसरा बिंदू बिजागऱ्यांच्याच रेषेत घेतलात, तर दार फिरतच राहणार. आणि दार उघडं असताना त्याचं प्रतल भिंतीच्या प्रतलाला छेदतं कुठे? त्याच बिजागऱ्यांच्या रेषेत. दोन भिन्न प्रतलं छेदली तर रेषेत छेदतात, नुसत्या एका बिंदूत कधीच नाही. न छेदणाऱ्यांचं काय, ते पुढच्या भागात. नमस्कार.