दोरी ओढल्यावर

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. जनरल मोटर्सचा इथला मोटार कारखाना १९८२ साली बंद पडला, तेव्हा फारसं कुणाला नवल वाटलं नाही. कुठल्याही दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर. कामावर दारू चालायची. नियम मात्र एक सगळेच पाळायचे: काहीही होवो, लाइन, म्हणजे गाड्या जोडत पुढे नेणारी साखळी, थांबवायची नाही. बोल्ट बसवायचा राहिला? राहू दे, गाडी पुढे सरकू दे.

१९८४. त्याच इमारतीत टोयोटा आणि जनरल मोटर्सचा भागीदारीतला कारखाना सुरू झाला. नाव नुमी. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. साहेबांची राखीव पार्किंग गेली, कँटीन सगळ्यांचं एक झालं. चांगलंच झालं म्हणा, पण तेवढ्याने काही भागलं नसतं.

वर बघा. लाइनच्या कडेने एक दोरी गेलीय. अडचण दिसली, की कुणीही ती ओढायची. धून वाजते, फलकावर दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. ठरावीक खुणेपर्यंत अडचण सुटली नाही, तर अख्खी लाइन थांबते.

आता लीडरकडे लक्ष द्या. तो येऊन पहिलं वाक्य काय बोलतो? ‘कुणी केलं हे?’ असं त्याने एकदा जरी दरडावलं, तरी त्या कामगाराचा हात पुन्हा दोरीकडे जायचा नाही. आणि शेजारचे चार जण बघत असतातच! म्हणून शेकडो कामगारांना आधी जपानला, टोयोटाच्या कारखान्यात नेलं होतं. तिथे कुणी मागे पडला, की बाकीचे येऊन विचारत, ‘मदत हवी?’ फ्रीमाँटमध्ये हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता.

गैरहजेरी २० टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आली. गाड्यांचा दर्जाही सुधारला.

मग जनरल मोटर्सने लॉस एंजेलिसमधल्या आपल्या व्हॅन नाइस कारखान्यात हीच पद्धत आणायचं ठरवलं. दोरी लागली. पण साहेबांचा हिशेब जुनाच होता: आज किती गाड्या बाहेर पडल्या? कुणी लाइन थांबवली, की सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या. कामगारांनी त्या आठ्या बरोबर वाचल्या.

व्हॅन नाइस १९९२ मध्ये बंद झाला. नुमी २०१०पर्यंत चालू होता.