लाइट गेली, पण बिघाड गेला का?

नमस्कार मंडळी. आज गाडीच्या त्या पिवळ्या लाइटबद्दल बोलायचंय, चेक इंजिनच्या. म्हणजे ती लागते तेव्हा काय करायचं हे तुम्हाला माहितीय, गॅरेजला जायचं, स्कॅनर लावायचा, कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, बघायचा. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं. काम झालं, मेकॅनिकने कोड पुसला, लाइट गेली, चावी तुमच्या हातात आली. आता हे काम खरंच झालंय हे कसं ओळखायचं?

यावर माझ्याकडे एक गोष्ट आहे आणि ती मी सांगणारच, कारण मी जे काही शिकलो ते त्यातूनच शिकलो.

मी गॅरेजमध्ये नवीन होतो तेव्हाची गोष्ट. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई गाडी घेऊन आल्या, लाइट लागलेली. स्कॅनर लावला, कोड आला पी शून्य एक सात एक. म्हणजे इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. हा कोड आला की पहिला संशय हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जातो, माझाही गेला. तो काढला, स्प्रे मारून साफ केला, बसवला, कोड पुसला. लाइट गेली. हायवेवर मोठी चक्कर मारून आलो, गाडी मस्त पळाली, बाईंना फोन केला, गाडी तयार आहे म्हणून.

आठ दिवसांनी बाई परत. लाइट लागलेली, तोच कोड. आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "अरे, तू दुरुस्त केलंस की नुसती लाइट घालवलीस?" त्यांचा आवाज जराही चढलेला नव्हता, पण ते वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं.

आमचे उस्ताद मागे उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "मागच्या वेळी फ्रीझ फ्रेम लिहून ठेवली होतीस का?" नव्हती ठेवली. फ्रीझ फ्रेम म्हणजे काय, तर कोड नोंदवला जातो त्या क्षणाचा गाडीचा फोटोच समजा, इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर होतं, गाडी उभी होती का पळत होती, सगळं त्यात असतं. आणि कोड पुसला की हा फोटोही पुसला जातो. मी पुरावाच पुसून टाकला होता.

यावेळी आधी वही काढली. गाडीचा वेग शून्य. आरपीएम साडेसातशेच्या आसपास. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ५२ अंश. आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २१. म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर नेहमीपेक्षा २१ टक्के पेट्रोल जास्त सोडून कमतरता भरून काढत होता. उस्ताद म्हणाले, आता बघ, तू गाडी कुठे टेस्ट केलीस? हायवेवर, गरम इंजिनवर. आणि बिघाड कुठे दिसतोय? सकाळी स्टार्ट केल्यावर, उभ्या गाडीत, इंजिन पुरतं तापायच्या आधी. कुठूनतरी फालतू हवा आत शिरत असली तर ती आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, जास्त दिसते, कारण तेव्हा इंजिन मुळात थोडीच हवा ओढत असतं, त्यात ही चोरटी हवा मोठा हिस्सा होऊन बसते. वेगात इंजिन इतकी हवा ओढतं की ती चोरटी हवा त्यात कुठे लपते तेही कळत नाही.

गाडी रात्रभर ठेवली. सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि उस्तादांनी इंजिनमागचा एक रबरी होस, म्हणजे नळी, बोटांनी हलकेच वाकवला. आरपीएम लगेच खाली-वर झालं. आरसा खाली धरून बघितलं तर होसच्या पोटाला, जिथे तो वळतो तिथे, नखाएवढी चीर. रबर थंड आणि कडक असताना चीर उघडी, गरम होऊन मऊ पडलं की बरीचशी मिटलेली. त्या सेन्सरचा काही दोषच नव्हता.

(इथे एक सांगतोच, काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचाच. उस्तादांनी ती चीर बाईंना वाकवून दाखवली. मला वाटतं सगळ्या गॅरेजमध्ये हे व्हावं, न मागता. आणि शिकाऊ पोरांच्या हातात पाना देण्याआधी वही द्यावी, हे माझं कायमचं मत आहे, कुणाला पटो न पटो.)

होस बदलला. मी लगेच फोन उचलला बाईंना सांगायला, उस्तादांनी हात धरला. म्हणाले, अजून झालं नाही. कोड पुसल्यावर जुनी शिकलेली ट्रिमसुद्धा शून्यावर येते, त्यामुळे आत्ता सगळं छानच दिसणार. गाडी परत रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच परिस्थिती, थंड इंजिन, उभी गाडी, आणि स्कॅनरवर डोळे. शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे त्या क्षणाची भरपाई, आणि लाँग टर्म, म्हणजे शिकून ठेवलेली, दोन्हीची बेरीज करायची, ती ३-४ टक्क्यांच्या आसपास खेळत होती. कूलंट ५२ च्या पुढे गेलं, तरी ३-४. मग गावात फिरवली, हायवेवर फिरवली, परत थंड केली, परत स्टार्ट केली, आणि पेंडिंग कोड, म्हणजे लाइट न लावता कॉम्प्युटरने नुसते नोंदवून ठेवलेले, बघितले. एकही नाही. तेव्हा कुठे फोन केला.

तर मंडळी, यातलं लक्षात ठेवायचं ते हे, गॅरेजमध्ये लाइट गेली म्हणजे फक्त कोड पुसला गेला. परत सांगतो, लाइट गेली म्हणजे फक्त कोड पुसला गेला. बॅटरी काढून लावली तरी बऱ्याच गाड्यांत ती जाते, त्याने आत काही दुरुस्त होत नाही. बऱ्याच बिघाडांत कॉम्प्युटर पहिल्या वेळी नुसती पेंडिंग नोंद करतो आणि लागोपाठ दुसऱ्या ट्रिपला, म्हणजे गाडी चालू करून, चालवून, बंद करण्याच्या पुढच्या फेरीला, तोच बिघाड दिसला तरच लाइट लावतो, म्हणून गॅरेजबाहेरची एक चक्कर काहीच सिद्ध करत नाही.

दुसरी गोष्ट, मॉनिटर. कोड पुसला की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची, पेट्रोलच्या वाफेची, या सगळ्या परत "अपूर्ण" होतात. ज्या भागाचं काम केलंय त्याचा मॉनिटर "पूर्ण" झाला आणि तरी कोड आला नाही, पेंडिंगसुद्धा नाही, तर काम झालं. वाफेच्या तपासणीला वेळ लागतो, तिला गाडी काही तास थंड उभी राहिलेली लागते आणि टाकी फुल्लही चालत नाही, रिकामीही चालत नाही, अर्धी-पाऊण असलेली बरी. काही नवीन गाड्यांत तर परमनंट कोड असतो, तो स्कॅनरने पुसताच येत नाही, तपासणी पास झाली की गाडी स्वतःच तो काढते, आणि मला ही व्यवस्था फार आवडते.

आणि कोड न पुसता नुसतं काम करून सोडलं तरी चालतं बरं का. लागोपाठ तीन ट्रिप तपासणी पास झाली की लाइट आपोआप जाते, आणि नोंद साधारण ४० वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर मिटते. घाई नसेल तर हा मार्ग सगळ्यात प्रामाणिक. फक्त लाइट लुकलुकत असेल तर एक मिनिटही असले प्रयोग करू नका, मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतोय, गाडी बाजूला घ्या.

गॅरेजमधून गाडी घेताना एवढंच विचारा, फ्रीझ फ्रेममध्ये काय होतं, आणि त्याच परिस्थितीत परत चालवून बघितली का. उत्तर वहीत लिहून घ्या, ती वही गाडीच्या खणात राहू दे.

वेळ झाली. पुढच्या वेळी थर्मोस्टॅटबद्दल बोलू, इंजिन गरमच होत नाही अशी बऱ्याच जणांची तक्रार येतेय. नमस्कार.